दोन इंची शीट

मॉडेल रेल्वे कशी बांधायची हे शिकवणारं कुठलंही अमेरिकन पुस्तक उघडा किंवा व्हिडिओ लावा. सुरुवातीलाच एक सूचना येते: जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि इन्सुलेशनच्या दोन इंची फोमशीट घेऊन या. आठ फूट बाय चार फूट, गुलाबी किंवा निळ्या. सांगण्याचा सूर असा की, खाली जाऊन कोथिंबिरीची एक जुडी आण. ही कोथिंबीर मी पुण्यात चार महिने शोधत होतो.

ती लागते कशाला, ते आधी सांगतो. मला भोर घाट बांधायचा आहे. पुणे-मुंबई रेल्वेने गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिलाय, निदान त्यातून जाताना झोपा तरी काढल्यात. १८६३ साली सुरू झालेला हा मार्ग कर्जतहून लोणावळ्याकडे चढतो. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा भलताच खडा चढ. म्हणून तर कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि तेवढ्यात आपण वडापाव घेतो.

मी निवडलेली स्केल एचओ, म्हणजे १:८७. ह्या मापात घाटातला एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो. आमच्या फ्लॅटचा हॉल त्याच्या निम्मासुद्धा नाही. त्यामुळे अख्खा घाट सोडून दिला आणि नागनाथच्या आसपासचं वाटावं असं एक वळण, एक बोगदा आणि एक दरीवरचा पूल एवढंच घेतलं. लांबी आठ फूट, रुंदी अडीच.

आता अडचण दरीची. प्लायवूडवर रूळ टाकले तर बाजूला डोंगर उभा करता येतो. पण घाटात डोंगर एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूला जमीन रुळांच्या खाली निघून जाते. खिडकीतून पोटात गोळा येतो तो त्या बाजूने. लाकडात ही दरी करायची तर सुताराचा सांगाडा लागतो आणि मग तो पलंगाएवढा जड होतो. फोमच्या शीट एकावर एक चिकटवल्या तर वरही कोरता येतं, खालीही. शिवाय सगळं इतकं हलकं की दोघांनी उचलून भिंतीला टेकवून ठेवावं. टू बीएचकेमध्ये हा मुद्दा दरीपेक्षा मोठा आहे.

तर शोध. पहिली चक्कर अर्थात बोहरी आळीत. जगात जे आहे ते बोहरी आळीत आहे, अशी पुणेकराची श्रद्धा असते.

“थर्माकोल? दादा, बंदीये.”

“थर्माकोल नाही हो, एक्सपीएस. इन्सुलेशनचं.”

फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो झूम करून पाहिला आणि विचारलं, “हे गादीत घालतात का?”

पुढच्या दुकानात सनबोर्ड दाखवला, तो पाच मिलिमीटरचा. एसीचं काम करणाऱ्याकडे ग्लासवूल होतं आणि काळं रबर होतं. कोल्ड स्टोरेजवाल्याकडे पफ पॅनेल होतं, पण त्याला दोन्हीकडून पत्रा. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात बर्फाचे पांढरे डबे होते. ते थर्माकोलचेच, पण त्यावर सुरी चालवली की दाणे उडतात आणि पुढचे आठ दिवस ते केसांत, चहात, कीबोर्डमध्ये सापडत राहतात. बाहेरगावाहून मागवायचं तर माल अख्खा ट्रक भरून घ्या म्हणाले.

थर्माकोल आणि एक्सपीएस ही सख्खी भावंडं. दोन्ही पॉलिस्टायरीनची, दोन्हींत नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच. थर्माकोलमध्ये दाणे फुलवून साच्यात एकमेकांना चिकटवतात, म्हणून तो दाण्यादाण्याने तुटतो. एक्सपीएस वितळलेल्या अवस्थेत यंत्रातून सलग पट्टीसारखा बाहेर काढतात, म्हणून तो आतून एकसंध आणि घट्ट असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘डाऊ’ कंपनीने तो अमेरिकेत बनवायला घेतला. सुरुवातीचा एक उपयोग तराफ्यांसाठी झाला, कारण त्यात पाणी शिरत नाही. पुढे तो घरांच्या भिंतींत आणि तळघरांत गेला. ‘डाऊ’चा निळा असायचा, ‘ओवेन्स कॉर्निंग’चा गुलाबी. इन्सुलेशनचा हा गुलाबी रंग आमचाच, हे त्या कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाकडून मान्यही करून घेतलं.

म्हणजे ही शीट रेल्वेच्या छंदासाठी कोणी बनवलेलीच नाही. बाहेर बर्फ पडत असताना घर उबदार राहावं म्हणून ती बनली. जिथे बर्फ पडतो, तिथे ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि मग छंदवाले तिथून एखाद-दुसरी उचलतात. कॅलिफोर्नियासारख्या उबदार भागातले हौशी लोकही कुरकुरतात की, आमच्याकडे जाड शीट मिळतच नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. प्रश्न भारत-अमेरिकेचा नव्हता, हवामानाचा होता. पुण्यात भिंत विटांची आणि गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरची माणसं पंखा पाचवर करून पडून राहतात. त्या भिंतीत फोम घालायची गरज कोणाला वाटली नाही.

आपल्याकडे पॉलिस्टायरीन वेगळ्याच दाराने आलं. ते मखरातून आलं.

इथे मला बाबांविषयी सांगायला हवं. शुक्रवार पेठेत एका वाड्याच्या ओसरीवर त्यांचं दुकान होतं. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजमागे नवरा-नवरीची नावं लागायची ना, चमकी लावलेली, ती अक्षरं ते कापायचे. फ्लेक्स आल्यावर अक्षरं कमी झाली, पण मखरं राहिली. दिवाळी संपली की पुढच्या गणपतीची तयारी सुरू. महाल, मंदिरं, मोर, कमळं. माझी इंजिनिअरिंगची फी ह्या मोरांनी भरली.

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या बंदीची अधिसूचना काढली. सजावटीचा थर्माकोलही त्यात आला. असलेला माल संपवायला तीन महिने दिले होते. जुलैमध्ये, निदान ह्या गणपतीपुरती तरी सूट द्या, अशी व्यावसायिकांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. बाबांकडे तेव्हा खोलीभर मखरं तयार होती. भंगारवाल्याने हात लावला नाही. वजनच नाही, तर भाव कशाचा देणार? शेवटी कचऱ्याच्या गाडीत गेली. गाडीही फार भरल्यासारखी दिसली, पण तिचं वजन काही वाढलं नसेल.

त्याआधीच्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या पोरांबरोबर मुठेच्या काठावर होतो, हातमोजे घालून. आम्ही पोत्यात काय भरत होतो ते सांगायची गरज नाही. एका कमळाच्या पाकळीचा काप मी ओळखला. तशी पाकळी बाबाच कापायचे, टोकाला किंचित आत वळवून. बंदी योग्य होती असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. बाबांचं दुकान गेल्याचं वाईट तेव्हा वाटलं, आजही वाटतं. ह्या दोन वाक्यांमध्ये ‘पण’ टाकून त्यांचं एक वाक्य करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. होत नाही.

आमच्या घरात त्यानंतर ‘थर्माकोल’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. बाबा एका मित्राच्या दुकानात हिशेब बघायला जायला लागले, मला नोकरी लागली, वाडा पडला. म्हणून चार महिने मी काय शोधतोय, ते मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. रेल्वेसाठी “एक बोर्ड” हवाय, एवढंच.

बोर्ड शेवटी मिळाला वॉटरप्रूफिंगच्या एका काँट्रॅक्टरकडे. आता नव्या ऑफिसांच्या गच्च्यांवर, ऊन आत येऊ नये म्हणून एक्सपीएस घालतात. म्हणजे थंडीसाठी जन्मलेली वस्तू उन्हासाठी कामाला लागली. त्याच्या एका साइटवर माल उरला होता. साडेबाराशे बाय सहाशे मिलिमीटर, जाडी पन्नास मिलिमीटर, म्हणजे आपली दोन इंची. एका गठ्ठ्यात आठ. “फोडून देणार नाही, गठ्ठा घ्या,” म्हणाला. मी गठ्ठा घेतला आणि रिक्षात आडवा घालून घरी आणला.

बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, उठले, प्लास्टिक फाडलं आणि एका शीटवर अंगठा दाबला. मग कोपऱ्याचा एक तुकडा मोडला आणि तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“ह्यात दाणा नाही,” ते म्हणाले.

“नाही. सलग असतो.”

“कशाने कापणार?”

“कटर आणलाय. सुरीसारखा.”

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ते पूर्वी उधारी मागणाऱ्यांकडे बघायचे. मग आईला म्हणाले, “अगं, माळ्यावरची ती निळी पेटी कुठेय?”

पेटीत त्यांचा ट्रान्सफॉर्मर होता, लाकडी धनुष्य होतं आणि निक्रोमच्या तारेचं रीळ. मला वाटलं होतं, हे सगळं २०१८ मध्येच गेलं. त्यांनी खिडक्या उघडल्या, पंखा बाहेर तोंड करून लावला. ह्या धुराने डोकं धरतं आणि तो फुप्फुसांना चांगला नाही, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मग एका तुकड्यावर तार तापवून पाहिली. थर्माकोलच्या सवयीचा वेग इथे चालेना. “हा घट्ट आहे. सावकाश. आपण ओढायचं नाही, तारेला जाऊ द्यायचं.”

मला चढ कापून हवा होता. १:३७ म्हणजे साडेबाराशे मिलिमीटरच्या शीटमध्ये ३४ मिलिमीटर उंची. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला ३४, मध्ये सरळ रेष. माझ्याकडे ह्याचं स्प्रेडशीट तयार होतं. बाबांनी त्यातले दोनच आकडे घेतले आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पाचरी कापल्या. दोन्हींवर पेन्सिलने एक ते वीस खुणा केल्या आणि शीटच्या दोन्ही बाजूंना त्या टाचण्यांनी लावल्या. धनुष्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

“मी आकडा म्हणेन. आकड्याला तू खुणेवर पाहिजेस. पुढे नाही, मागे नाही.”

तारेचा मधला भाग नेहमी थोडा मागे राहतो. टोकं पोचली म्हणजे कापून झालं असं नसतं, प्रत्येक आकड्याला क्षणभर थांबून मधल्याला येऊ द्यायचं असतं. लहानपणी मी हे टोक अनेकदा धरलंय, पण तेव्हा कंटाळा एवढा यायचा की काही शिकावंसं वाटलं नाही. वीस आकडे झाले. बाबांनी वरची पाचर उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि एक डोळा मिटून तिच्या कडेकडे पाहिलं.

“जाईल का गाडी?”

“जाईल. मागून इंजिन लावावं लागेल.”

“ते लागतंच घाटात,” बाबा म्हणाले.

त्यानंतर पाच रविवार आम्ही घाटच कापतोय. शीट एकमेकांना चिकटवायला पांढरा गोंद चालत नाही. दोन शीटच्या मधून त्याचं पाणी बाहेर पडायला वाटच नसते, त्यामुळे तो ओला राहतो. काही सोल्युशनं तर फोमच खातात. पाण्यातला अॅक्रिलिक सीलंट चालतो, तो वापरतोय. दरी मी सुरीने कोरली. पुलाच्या कमानी बाबांच्या. माझ्या डोंगराच्या कड्याला ते “पाव” म्हणतात, ते बरोबरच आहे.

कापलेले तुकडे बरेच जमले. ते टाकून द्यायला दोघांचाही हात पुढे होईना. मी म्हटलं, डोंगराच्या पोटात भरून वरून कागदाचा लगदा लावू, कोणाला दिसणार नाही. बाबा एकेक तुकडा आत बसवत होते. मध्येच म्हणाले, “हे किती वर्षं टिकतं रे?”

“भिंतीत घातलं तर पन्नास वर्षंसुद्धा.”

“आणि आपण ते दहा दिवसांसाठी वापरत होतो.” थोड्या वेळाने त्यांनी पुढचा तुकडा उचलला. “माल वाईट नव्हता.”

त्या दोन वाक्यांमध्ये त्यांनीही ‘पण’ टाकला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

रूळ अजून लागायचेत. तीन शीट कपाटामागे उभ्या आहेत. परवा काँट्रॅक्टरचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, फोन बाबांनी घेतला. दुसऱ्या एका साइटवर माल उरलाय, हवाय का, असं तो विचारत होता. मी म्यूट करून दारातून डोकावलो आणि नको म्हणून हात हलवला.

बाबांनी माझ्याकडे पाठ केली. “दोन इंचीच आहे ना?” ते फोनवर म्हणाले. “ठेवा मग. मी स्वतः येतो बघायला.”