उत्तरभाग

2019 च्या मे महिन्यात एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेसाठी मी हैदराबादला गेले होते आणि भाच्याच्या घरी उतरले होते. 20 मे हा सोमवार होता. सकाळी सहाच्या सुमारास त्याचे चार-पाच सहकारी घरी येऊन दाखल झाले. तेथूनच पुढे ते कामावर जाणार होते. अमेरिकेत रविवारी रात्री जे दाखविले जाते ते त्याच घटकेला आपल्याकडे सकाळी साडेसहाला पाहता येते, हे मला तेव्हा कळले. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा तो शेवटचा, 73 वा भाग होता. एप्रिल 2011 मध्ये ती सुरू झाली तेव्हा यांतील बहुतेकजण महाविद्यालयात शिकत होते.

मालिका मला अगदीच परकी नव्हती. भाच्याच्या आग्रहाने पहिली चार पर्वे मी पूर्वी पाहिली होती आणि ती पाहताना थोडी ओशाळलेही होते. साहित्यशास्त्र शिकविणाऱ्या बाईने ड्रॅगनांच्या गोष्टीत रमावे हे काही मला शोभणारे वाटत नव्हते. पण रमले होते खरी. ज्याला आपण नायक समजत असतो त्या नेड स्टार्कचा पहिल्याच पर्वात शिरच्छेद होतो आणि त्याचे कारण शोधू गेल्यास ते त्याच्या स्वतःच्या सचोटीत सापडते. त्याचा मुलगा दिलेला शब्द मोडून दुसरीकडेच लग्न करतो आणि तिसऱ्या पर्वात, दुसऱ्या एका लग्नाच्या मांडवात, त्याला त्याची किंमत मोजावी लागते. त्या कथेत कोणाचेही कर्म वाया जात नव्हते.

त्या सकाळी भाग संपला तरी कोणी उठेना. चहा तसाच राहिला. मग वाद सुरू झाला, इंग्रजी आणि हिंदी यांच्या सरमिसळीत, आणि तो तासभर तरी चालला. वादाचा विषय डेनेरिस ही निर्वासित राजकन्या. गुलामांच्या बेड्या तोडीत ती इतकी वर्षे सिंहासनाकडे निघाली होती. आदल्या आठवड्याच्या भागात राजधानीने शरणागतीच्या घंटा वाजविल्यानंतरही तिने ड्रॅगनवर बसून ती जाळून टाकली होती. आता शेवटच्या भागात तिच्या प्रियकरानेच तिला मारले, ड्रॅगनने सिंहासन वितळविले आणि ब्रॅन नावाचा एक पांगळा तरुण राजा झाला.

एक तेलुगू तरुण या शेवटाचा कैवारी होता. तो म्हणाला, हे तिच्यात पहिल्यापासूनच होते. मीरीन नगरात तिने 163 गुलामधन्यांना सुळावर खिळले तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या; आज बळी बदलले म्हणून आपल्याला धक्का बसतो. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटला. परंतु एका बंगाली मुलीने त्याला तितकेच चोख उत्तर दिले. बीज पाहिले हे मान्य, ती म्हणाली, आज फळ हातात आहे हेही मान्य. मधले झाड मात्र मी पाहिलेले नाही. नाट्यशास्त्रातील पंचसंधींवर मी तीस वर्षे व्याख्याने दिली. बीज आणि निर्वहण यांमधल्या विमर्शाची उणीव इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आली नव्हती.

पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी 10 भाग होते. सातव्यात 7 आणि आठव्यात 6 च. आणखी भाग मिळणे अशक्य नव्हते, पण निर्मात्यांनी तेवढ्यांतच संपवायचे ठरविले होते. मला राहवले नाही. काव्य हे गाईच्या शेपटीच्या टोकासारखे असावे असे भरताने म्हटले आहे, हे मी त्यांना सांगितले. अंक उत्तरोत्तर लहान होत जावेत असा त्याचा अर्थ काहीजण करतात. सगळे मनापासून हसले, आणि तेलुगू तरुणाने ते लगेच उचलले: म्हणजे निर्मात्यांनी भरतमुनींचीच आज्ञा पाळली! तेव्हा विश्वनाथाने नोंदविलेला दुसरा अर्थही सांगणे भाग पडले. शेपटीचे केस काही आखूड असतात, काही लांब. त्याप्रमाणे काही कार्ये आधी संपावीत, काही नंतर. बंगाली मुलगी म्हणाली, इथे सगळे केस एकाच कात्रीने कापले आहेत.

उरलेली पर्वे मी घरी परतल्यावर पाहिली आणि तक्रारींची यादी मला पटत गेली. पहिल्या भागात राजाच्या लवाजम्याला उत्तरेकडे पोचायला महिना लागतो. सातव्या पर्वात बर्फाळ तळ्यावर अडकलेल्यांपैकी एकजण धावत भिंत गाठतो, तेथून कावळा निरोप घेऊन समुद्रातल्या बेटावर जातो आणि डेनेरिस ड्रॅगन घेऊन येते. हे सगळे तळ्यावरच्या लोकांचा दम सुटण्याच्या आत. ज्यांनी ड्रॅगन निमूटपणे मान्य केला ते त्या कावळ्याचा वेग मान्य करीत नाहीत! आमच्या समीक्षेत अद्भुताला बालिश मानण्याची जुनी सवय आहे. प्रत्यक्षात अद्भुताचा वाचक वास्तववादाच्या वाचकाहून कडक असतो. एकच अशक्य गोष्ट त्याने पत्करलेली असते. म्हणून बाकीच्या गोष्टींचा हिशेब तो पैपर्यंत मागतो.

शेवटचे पर्व नव्याने करा, अशा मागणीवर जगभरातून 15 लाखांहून अधिक सह्या झाल्या. शिंप्याकडे कपडा परत टाकावा तशी ही मागणी होती, आणि तिची टवाळी झाली ते ठीकच. त्याच वर्षी मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी पारितोषिकही मिळाले. असो.

मला गप्प केले ते भाच्याच्या एका प्रश्नाने. "मावशी, महाभारताची शेवटची तीन पर्वेही तोकडीच आहेत ना? मग त्यांवर कोणी का चिडत नाही?" मौसल, महाप्रस्थानिक, स्वर्गारोहण: तिन्ही खरोखरच अगदी लहान. मला उत्तर सुचले नाही. ते सुचले परतीच्या गाडीत, रात्री केव्हातरी. त्यांच्या आधी स्त्रीपर्व आहे. आणि शांतिपर्व आहे, अठरांतले सर्वांत मोठे. युद्ध संपले आहे, घडण्यासारखे काही उरलेले नाही, ज्याने जिंकले त्यालाच राज्य नको आहे आणि शरपंजरी पडलेला म्हातारा बोलतो आहे. विद्यार्थिदशेत आम्ही ती पाने सरळ उलटीत असू. येथे शहर जळते पाचव्या भागात. सहाव्याच्या पूर्वार्धात राणी मरते, उत्तरार्धात नवा राजा निवडला जातो. मध्ये गेलेला काळ दाखविलाच जात नाही. प्रजेनेच राजा निवडावा, ही एकाची सूचनाही हसण्यावारी जाते. या मुलांना सुतक पाळायला दिवसच मिळाले नव्हते. थंड चहासमोर बसून ती त्या सकाळी जे करीत होती ते बहुधा तेच होते, आणि मी त्याला वाद समजत होते.

निर्मात्यांना दोष देणे सोपे आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मूळ ग्रंथमालेचा पहिला खंड 1996 मध्ये आला, पाचवा 2011 मध्ये; मालिका संपली तोवर सहावा आला नव्हता. शेवटाचे मुख्य टप्पे लेखकाने निर्मात्यांना सांगून ठेवले होते. मुक्काम ठाऊक, वाट ठाऊक नाही, अशी ती अवस्था. ही अवस्था मला चांगलीच परिचयाची आहे. मराठी समीक्षेवरील माझ्या ग्रंथाचे दोन खंड निघाले. दुसऱ्याच्या प्रस्तावनेत मी तिसऱ्याचे वचन देऊन बसले. एक तप उलटले. ग्रंथपाल भेटले की विचारतात, आणि मी हवापाण्यावर बोलू लागते. निष्कर्ष माझ्याजवळ केव्हाचे लिहून तयार होते. तेथवर नेणारी चार प्रकरणे नव्हती. त्याच सुमारास माझ्या एका विद्यार्थ्याने टिपणांवरून खंड पुरा करण्याची तयारी दाखविली होती, आणि मी त्याला हो-नाही काहीच कळविले नव्हते.

बाणभट्टाची 'कादंबरी' अर्धवट राहिली. उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. आरंभीच तो सांगतो की कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख झाले म्हणून हे काम हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. पुढे मराठीने या साऱ्या वाङ्मयप्रकाराला ज्या पुस्तकाचे नाव दिले ते पुस्तक त्याच्या कर्त्याला संपविता आले नव्हते, याचे मला वर्गात नेहमी हसू येई. आता तितकेसे येत नाही.

त्या जून महिन्यात मी विद्यार्थ्याला बोलावून टिपणांच्या तिन्ही पेट्या त्याच्या हवाली केल्या. निष्कर्षांचे कार्ड तेवढे काढून ठेवले. पेट्या चाळल्यावर त्याने फोन करून विचारले, शेवटचे एखादे कार्ड गहाळ झाले आहे काय? नाही, असे मी म्हणाले. ते माझ्याकडे 'कादंबरी'च्या जुन्या प्रतीत आहे. त्याची दोन प्रकरणे आतापर्यंत माझ्याकडे आली आहेत आणि तो माझ्या वाटेने चाललेला नाही.