फलाटावरचा पब

मुलाकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा त्याने ब्रिजनॉर्थ स्टेशन दाखवलं. वाफेची गाडी, आणि फलाटावरच ‘रेल्वेमन्स आर्म्स’ नावाचा पब! हातपंपाने पिंपातली बिअर उपसत होते. दारात पाय अडखळला; अब्बांनी पाहिलं असतं तर? लेमनेड घेऊन कोपऱ्यात बसलो.

शेजारचे आजोबा सांगू लागले, ‘1963 ला ही गाडी बंद झाली. आम्ही हौशी लोकांनी फुकट राबून 1970 ला पुन्हा सुरू केली.’

आमच्या पारोळ्याला रेल्वे नाही. मामूंकडे शेंदुर्णीला जाताना पाचोऱ्याहून पीजे पकडायचो. ती छोटी गाडी 2020 मध्ये थांबली.

‘मग तुम्ही काय केलंत?’ आजोबांनी विचारलं.

लेमनेड घशाखाली उतरेना.