सिम्युलेटरमधला साग

रिकामा चॅनेल हेरून वापरणाऱ्या कॉग्निटिव्ह रेडिओचे बहुतेक सिम्युलेशन एकाच धास्तीभोवती रचलेले असते: आपण वापरतोय तो चॅनेल कुणा परवानाधारकाच्या हक्काचा तर नाही? १९९९ मध्ये जोसेफ मिटोला यांनी कल्पना मांडल्यापासून एनएस-टू, एनएस-थ्री, मॅटलॅब अशा सॉफ्टवेअरवर आम्ही संशोधक हेच मोजत आलो. मालकाची चाहूल हुकली तर काय? तो परतला तर जागा किती लवकर सोडायची?

तेच प्रारूप गडचिरोलीच्या जंगलातल्या एटापल्ली-भामरागडच्या नकाशावर चालवले की मालकच सापडत नाही. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर विभाग वगळता देशभरातले दूरदर्शनचे ट्रान्समीटर धरून हिशेब मांडला होता: ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ चॅनेलपैकी किमान १२ जवळजवळ सगळीकडे रिकामे. पालघरच्या खेड्यांत त्यांनी याच पट्ट्यातून इंटरनेट पोचवूनही दाखवले. पुढे २०२२ पर्यंत मोजके सोडून दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटरच बंद झाले. गडचिरोलीत लहरींचा दुष्काळ नाही. अडवतो तो साग.

आणि सागाशी आमच्या अवजारांची फारशी ओळख नाही. झाडीत सिग्नल किती विरतो हे सांगणारे वाइसबर्गरचे सूत्र घ्या. १०० मीटर दाट झाडीला ५०० मेगाहर्ट्झवर सुमारे १६ डेसिबल घट येते, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर सुमारे २६. म्हणजे टीव्हीच्या पट्ट्यात पलीकडे आठपटीहून जास्त शक्ती पोचते. पण हे सूत्र समशीतोष्ण प्रदेशातल्या, पानांनी भरलेल्या कोरड्या झाडांवर बेतलेले आहे. आपला साग उन्हाळ्यात उघडाबोडका, आणि भरतो तो पावसात, ओलाचिंब. सूत्रातले जंगल इथे फार तर दिवाळीनंतर काही आठवडे भेटते! एप्रिलच्या मोजमापावर टॉवरची जागा ठरवली, तर पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटते त्याच दिवसांत दुवा सर्वात अशक्त असणार.

म्हणून माझ्या प्रारूपात आता महिना हा एक चल आहे. त्याला द्यायचे आकडे मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळत नाहीत, आणि त्यांच्यावाचून काढलेल्या देखण्या आलेखांवर माझा विश्वास नाही.

चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी हे आकडे गोळा करण्याचे मनावर घ्यावे. स्वतः प्रक्षेपण करायचे तर परवान्याची खटपट आली. पण आलापल्लीच्या रस्त्यावर आहे त्या मोबाइल टॉवरचा सिग्नल हातातल्या फोनवरही नोंदवता येतो. एकदा मे महिन्यात जा, एकदा ऑगस्टमध्ये, त्याच जागी. आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवा.