शंभराची जागा

शेकडेवारीतील वाढ-घटीचे शाब्दिक उदाहरण सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला जेथे अडवते ती जागा आकडेमोडीची नसते. गुणाकार-भागाकारात पक्का असलेला विद्यार्थी तेथे थांबतो आणि पाढ्यांत कच्चा असलेला कधी कधी सहज पुढे जातो. अशा उदाहरणात दोन राशी असतात, एक बदलापूर्वीची व दुसरी बदलानंतरची. त्यांपैकी एकीला शंभर मानून दुसरी तिच्या मानाने मोजायची असते. जिला शंभर मानले जाते तिला येथे ‘मूळ राशी’ म्हटले आहे. शंभर कोणत्या राशीवर बसवायचा हे एकदा ठरले की उरते ते त्रैराशिक, म्हणजे तीन ज्ञात संख्यांवरून चौथी काढण्याची रीत, आणि ती बहुतेक मुलांना येते. प्रस्तुत लेखक भोकरदन तालुक्यात उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवतो, आणि त्याच्या अध्यापनातील सर्वात चिवट अडचण हीच राहिलेली आहे.

या तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार प्रसिद्ध असल्याने भावाचे उदाहरण मुलांना समजावून सांगावे लागत नाही. हिरव्या मिरचीचा किलोमागे ४० रुपये असलेला भाव ५० रुपये झाला तर शेकडा वाढ किती, या प्रश्नाला २५ हे उत्तर अपेक्षित असते. परंतु २० असे उत्तर देणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, कारण ५० ही मोठी संख्या त्यांना ‘पूर्ण’ वाटते आणि जे पूर्ण वाटते त्यावर ती शंभर ठेवतात. हाच भाव ५० वरून ४० वर उतरला तर शेकडा घट किती, असे विचारले की जवळजवळ सर्वांचे उत्तर २० येते व ते बरोबर असते. येथे शिक्षक फसतो. घटीच्या उदाहरणात मूळ राशी हीच मोठी राशी असल्यामुळे योग्य विचार आणि ‘मोठे ते शंभर’ ही समजूत, दोन्ही एकाच उत्तराशी पोहोचतात. वही तपासताना दोहोंपुढे सारखीच बरोबरची खूण पडते, आणि वर्गाला घट समजली, फक्त वाढ कच्ची राहिली, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक त्या मुलांना दोन्हीही समजलेले नसते.

उलट उदाहरणांत, म्हणजे नवी राशी व बदलाचा दर देऊन जुनी राशी विचारली असता, आणखी एक समजूत वर येते. भाव २५ टक्क्यांनी वाढून ५० रुपये झाला तर पूर्वीचा भाव किती, याचे उत्तर अनेक मुले ३७ रुपये ५० पैसे काढतात, कारण हातात दिलेली संख्या ५० असल्याने तिचेच २५ टक्के काढून वजा केले जातात. २० टक्के सूट वजा जाता साडी ६४० रुपयांना मिळाली तर छापील किंमत किती, या प्रश्नाला ८०० ऐवजी ७६८ येतात तेही याच मार्गाने. ही ‘दिलेले ते शंभर’ अशी समजूत असून ती पहिलीहून वेगळी आहे. मिरचीच्या उलट उदाहरणात दिलेली राशीच मोठी असल्याने दोन्ही समजुती एकच चूक करवतात व कोणती कामाला लागली हे कळत नाही. सुटीच्या उलट उदाहरणात मात्र ‘मोठे ते शंभर’ मानणारा बरोबर येतो आणि ‘दिलेले ते शंभर’ मानणारा चुकतो. म्हणून वाढ, घट, उलट वाढ व उलट घट ही चारही उदाहरणे एकत्र दिल्याशिवाय मुलाच्या मनात शंभर कोठे बसला आहे याचा पत्ता लागत नाही. दहा उदाहरणे एकाच प्रकारची देऊन ‘सराव’ करून घेण्याची जी पद्धत आहे तिच्याविषयी या लेखकाचे मत चांगले नाही.

या अडचणीवर लेखकाने एक यमक तयार केले होते: फरक वर, जुने खाली, शंभराने गुण, टक्केवारी आली. सरळ उदाहरणांत ते चोख चालते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातील शाळांच्या शिक्षकांच्या नियमित बैठकीत, ते सांगितले गेल्यावर इतर शाळांतही पोहोचले, आणि परक्या शाळेतील मुलांच्या तोंडून ते ऐकताना लेखकाला जो आनंद होत असे तो गणिताचा नव्हता, कर्तेपणाचा होता. कोणी शब्द इकडचे तिकडे केले तर ते सुधारून देण्याची तत्परताही त्याच जातीची होती. उलट उदाहरणात या यमकाचा उपयोग नाही, कारण ‘जुने’ तेच शोधायचे असते आणि खाली ठेवायला काहीच नसते. हे ठाऊक असूनही ते यमक चालू राहिले, आणि फळ्यावरून गेले ते एका विद्यार्थिनीमुळे.

तिचे कुटुंब ऊसतोडीला जाणारे होते. साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, ती शाळेत परतली तेव्हा शतमानाचे प्रकरण होऊन गेले होते व यमक तिच्या कानावर पडलेले नव्हते. २५ टक्के म्हणजे पाव एवढेच तिला माहीत होते. मिरचीचे उलट उदाहरण तिने वहीत काही न लिहिता सोडवले आणि विचारल्यावर सांगितले, “सर, पयले चार वाटे व्हते, त्यात एक वाढला, पाच झाले. पाचाचे पन्नास, तर चाराचे चाळीस.” शंभराचा उच्चारही न करता तिने शंभर योग्य जागी बसवला होता. लेखकाची पहिली प्रतिक्रिया कौतुकाची नव्हती. तेच उदाहरण ‘रीतीने’ लिहून दाखवण्यास तिला सांगण्यात आले, तिला ते जमले नाही, आणि त्या न जमण्याचे किंचित समाधानही वाटले. यमक त्यानंतर बंद झाले. तथापि अधिकारी वर्गभेटीला येतात त्या दिवशी ते अजूनही फळ्याच्या कोपऱ्यात दिसते, कारण ते वाचून अधिकारी हसतात.

मुलीने जे केले त्याची परंपरा जुनी आहे. पूर्वी मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पेरणीला उसने नेलेले धान्य सुगीला सवाईने अथवा दिडीने परत करण्याचा व्यवहार खेड्यांत सर्वांच्या परिचयाचा होता. त्या पाढ्यांमागे छडी होती आणि त्यांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ती विसरू नये; परंतु त्यांत एक गोष्ट होती जी आजच्या टक्केवारीत हरवते. सवाई करणे ही एकच क्रिया होती, आधी पाव काढणे व मग मिळवणे अशा दोन पायऱ्या नव्हत्या, आणि क्रिया एकच असली की ती उलटी फिरवणे सोपे जाते. सवाईतून मागे येताना पाचवा भाग सोडावा लागतो, दिडीतून तिसरा, आणि तिसऱ्या भागाने वाढलेल्या राशीतून चौथा. चढताना जितका भाग वाढला त्याच्या छेदात एक मिळवला की उतरतानाचा भाग मिळतो. २५ टक्के वाढ पुसायला २० टक्के घट का पुरते, हे यात उघड दिसते.

शिष्यवृत्तीच्या खासगी वर्गांत याउलट ‘शॉर्ट ट्रिक’ देतात. राशी १० टक्क्यांनी वाढवून १० टक्क्यांनी घटवली तर दहाच्या वर्गाला शंभराने भागून १ टक्का घट, असे उत्तर मुले प्रश्न वाचून संपण्याआधी देतात. उत्तर खरे आहे. मात्र दुसऱ्या वेळचे १० टक्के कशाचे, असे विचारले तर प्रश्नच अनावश्यक असल्यासारखे ती पाहतात. या वर्गांचे निकाल चांगले लागतात आणि लेखकाच्या मतात थोडी असूया मिसळलेली असेल, तरी हे शिकवणे नव्हे असे त्याला वाटते. पार्कर व लाइनहार्ट यांनी १९९५ मध्ये शेकडेवारीच्या अध्ययनावरील संशोधनाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात या विषयाच्या अवघडपणाचे एक कारण त्याच्या अतिसंक्षिप्त भाषेत दाखवले आहे. बोलताना ‘कशाचे’ हा शब्द गळतो. ट्रिक त्या गळण्याला नियमाचे रूप देते.

अजिंठ्याच्या डोंगररांगेत चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद असून त्याचा काळ शके ११२८ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक उदाहरण असे आहे की दरमहा शेकडा ५ व्याजाने एका वर्षात मुद्दल व व्याज मिळून १००० झाले, तर दोन्ही वेगळी सांगावीत. ही उलट वाढ आहे. वर्षाचे व्याज शेकडा ६० होते. १००० चे ६० टक्के काढणारा विद्यार्थी ६०० व्याज सांगून मोकळा होतो, पण उत्तर मुद्दल ६२५ व व्याज ३७५ असे आहे. ‘लीलावती’तील इष्टकर्म, म्हणजे सोयीची संख्या कल्पून मग प्रमाणाने खरी संख्या काढण्याची रीत, येथे लागू पडते: मुद्दल १०० कल्पावे, रास १६० होते, आणि १६० ला १०० तर १००० ला किती, एवढेच उरते. शंभराची जागा येथे आधीच जाहीर झालेली असते. हे उदाहरण आठवीच्या वर्गात दिले असता चक्रवाढव्याज शिकलेली मुलेही प्रथम ६०० च सांगतात.

वर्गातून मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, गेल्यावर अडचण कमी होत नाही, दाट होते. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत आणि भोगवर्धन म्हणजेच आजचे भोकरदन. दानाइतकी शिल्लक बाळगणाऱ्या गावाला हिशेब परका नसावा. आज त्याच गावच्या मुलांपुढे कापसाचा व्यवहार ठेवावा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ वरून ८११० रुपये झाला आणि सोयाबीनचा ४८९२ वरून ५३२८. रुपयांत कापूस अधिक वाढला, ५८९ विरुद्ध ४३६. शेकड्यात सोयाबीन, सुमारे ८.९ विरुद्ध ७.८. कोणते पीक जास्त वाढले यावर वर्ग भांडतो, आणि ते भांडण दहा उदाहरणांच्या सरावापेक्षा मोलाचे असते. घरी विचारले असता आई-वडील सांगतात की मोंढ्यात हमीभाव मिळाला तर वाढ मोजू. तेही उत्तर वर्गात यावे.

पुढे ओलावा येतो. कापसाचा हमीभाव ८ टक्के आर्द्रतेला असतो. १२ टक्क्यांपर्यंत कापूस घेतात, पण आठाच्या वरच्या प्रत्येक टक्क्यामागे भावात १ टक्का कपात होते. कापसात ११ टक्के ओलावा निघाला तर ८११० मधून २४३ रुपये ३० पैसे जातात. येथे आर्द्रता ‘३ टक्क्यांनी’ वाढली असे सगळे म्हणतात. तो दोन टक्केवारींतील नुसता फरक आहे आणि त्यातला शंभर कापसाच्या वजनावर बसलेला आहे. भाव ३ टक्क्यांनी घटला, तो शंभर हमीभावावर आहे. ओलाव्याची स्वतःच्या जुन्या मानाने झालेली वाढ मात्र ३७.५ टक्के आहे, आणि तो शंभर आठावर आहे. एका पोत्यात तीन शंभर निघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला तेव्हा संच ७ टक्क्यांनी स्वस्त झाला असे तालुकाभर बोलले गेले. कर वेगळा काढून मूळ किंमत कायम धरली तर ११२ चे १०५ होतात, म्हणजे घट ६.२५ टक्के. शिक्षक-कक्षात हे मान्य करून घेण्यास वर्गापेक्षा जास्त वेळ लागला.

घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. वाढ-घटीच्या प्रत्येक उदाहरणाखाली उत्तराच्या आधी ‘शंभर कशाला मानले?’ अशी एक ओळ छापावी, तिला स्वतंत्र एक गुण ठेवावा, आणि पुढची आकडेमोड चुकली तरी तो गुण कापू नये.