आमचा एक गुंठा

आमचे घर नकाशात नाही, हे मला इयत्ता आठवीत कळले. भूगोलाच्या सरांनी शहराचा विकास आराखडा वर्गात आणला आणि म्हणाले, "आपापले घर शोधा." गल्ली नंबर चारमधल्या मुलाने क्षणात बोट ठेवले. मी देवपूरच्या पलीकडे शोधत राहिलो. तिथे नुसता हिरवा रंग, म्हणजे शेती. सर सहज म्हणाले, "तू काय शेतात राहतोस रे?" वर्ग हसला. मीही हसलो, पण ते हसू घरी पोहोचेपर्यंत टिकले नाही.

गंमत अशी, की नकाशाचे कौतुक आम्हा धुळेकरांना भारी. सरळ रेघेत आखलेल्या नंबरवार गल्ल्या आम्ही पाहुण्यांना हटकून दाखवतो. हे शहर विश्वेश्वरय्यांनी आखले, असेही छातीठोकपणे सांगतो. ते १८८४ साली सरकारी नोकरीत शिरले आणि खानदेशात काम करून गेले, हे खरे. पण कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणे केले आणि नवी वस्ती उभी राहू लागली, तेव्हा विश्वेश्वरय्यांचा जन्मही झाला नव्हता! असो. आखीव गावाच्या कडेला आमची बिनआखीव वस्ती आहे, एवढेच सांगायचे होते.

वडील तेलाच्या दुकानात हिशेब लिहीत. १९९६ साली त्यांनी एका शेतकऱ्याकडून स्टँप पेपरवर एक गुंठा घेतला. एकराचा चाळिसावा भाग, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. १९६६ चा नगररचना कायदा सांगतो, की आधी आराखडा, मग मंजुरी, मग घर. शेतजमीन बिनशेती करायची, लेआउट मंजूर करून घ्यायचा, रस्ते आणि मोकळी जागा सोडायची, आणि उरेल त्याचे प्लॉट विकायचे. असा प्लॉट वडिलांच्या पगारात बसत नव्हता. गुंठा बसला.

पुढे कायदाच आमच्या दारी आला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची अशी घरे पैसे भरून नियमित करण्याची सोय केली. वडिलांना ते उशिरा कळले, आणि कळले तेव्हा गाठीला पैसे नव्हते. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी बांधकामाची एकच नियमावलीही निघाली. मुंबईत एक अधिसूचना निघते आणि इथे टेबलाजवळच्या माणसाला जुनी फाईल मिटून नवी शिकावी लागते, रांगेतल्या माणसालाही.

वडिलांनी ट्रंकेतून स्टँप पेपर काढला. त्याच रविवारी मामा आले होते. मामांनी मंजूर लेआउटमध्ये प्लॉट घेऊन सतरा वर्षे हप्ते फेडले. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "दाजी, नियम पाळणारे आम्ही वेडे होतो का?" वडील काही बोलले नाहीत. मलाही उत्तर सुचले नाही, आणि आज राज्यशास्त्र शिकतो तरी सुचत नाही. आम्ही कुणाला फसवले नाही. पण आमच्या वस्तीत बालवाडीला जागा नाही आणि गटार कुठून न्यायची यावर दर पावसाळ्यात भांडण होते, हेही खरेच.

मोजणीला एक तरुण इंजिनियर आला. टेप धरून झाल्यावर आजीला म्हणाला, "आजी, ओटा रस्त्यात येतो. तीन फूट."

त्या ओट्यावर आजीने पंचवीस वर्षे कळण्याचे पीठ चाळले, पापड वाळवले आणि साऱ्या गल्लीची भांडणे मिटवली. तिने वडिलांना विचारले, "भाऊ, घर आपलं शे ना? मंग कागद कसाले?"

वडील म्हणाले, "माय, हा शिकीसन बाहेर जाई. उद्या त्याला कर्ज लागले तर बँक कागदच मागेल."

त्यानंतर दोन दिवस आजी वडिलांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच पापडाची खाट ओट्यावरून आत घेऊन आली. वडिलांनी मजूर लावला नाही. घण त्यांनी उचलला, माती मी भरली. वरची शहाबादी फरशी मात्र त्यांनी जपून सोडवली आणि दाराच्या आत, भिंतीला लावून बसवली. आता आजी तिथे बसते. रस्ता दिसावा म्हणून दार दिवसभर उघडेच असते.