उसना उजेड

काचपट्टीवर उंदराच्या मेंदूचा केसाच्या जाडीचा काप आहे. सूक्ष्मदर्शकातून आधी नुसता काळोख दिसतो. मग त्यावर हिरवा प्रकाश पडतो आणि त्या काळोखात इथे-तिथे लाल पेशी जाग्या होतात. सगळ्या नव्हेत, एकाच कुळातल्या तेवढ्या.

उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी असतात. त्यांचे तंतू एकमेकांत असे विणलेले की साऱ्याच रंगवल्या तर एकही दिसू नये. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मोजक्या पेशी काळ्या करण्याची रीत शोधली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तिच्याच आधाराने मेंदूतली पेशीवने रेखाटली. पण कोणती पेशी रंग घेईल, हे कुणाच्याच हाती नव्हते. आता पेशींना कुळाच्या नावाने हाक मारता येते.

ही हाक कशी पोचते, ते सावकाश पाहू. देहातल्या पेशींत जनुके तीच. पण प्रत्येक पेशी त्यांतली आपापली निवडक जागवते. पार्व्हाल्ब्युमिन नावाचे, कॅल्शियम धरून ठेवणारे प्रथिन मेंदूतल्या थोड्याच पेशी बनवतात. म्हणून उंदरांच्या एका वंशात या जनुकाला 'क्री' या विकराचे जनुक जोडतात. दुसऱ्या वंशात लाल प्रथिनाचे जनुक पेशीपेशीत असते, पण त्याच्यापुढे अडसर घातलेला. अडसराच्या दोन्ही टोकांना जनुकलिपीतल्या ३४ अक्षरांची एकेक खूण. दोन्ही वंशांचा वारसा घेऊन पिल्लू जन्मते. जिथे पार्व्हाल्ब्युमिन जागते, तिथेच क्री तयार होतो, खुणांमधला अडसर छाटतो आणि ती पेशी जन्मभरासाठी लाल होते.

आणि हे सारे आले कुठून? क्री आला जीवाणूंवर जगणाऱ्या पी-१ विषाणूकडून. लाल प्रथिनाचे मूळ डिस्कोसोमा या प्रवाळांच्या नात्यातल्या समुद्रजीवात. या वाटेवरचा पहिला उजेड जेलीफिशचा: तिचे हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जगापुढे आणले. विषाणू, सागरजीव आणि उंदीर यांची ताटातूट किती युगांची! तरीही एकाची जनुकलिपी दुसऱ्याची पेशी अडखळल्याशिवाय वाचते. सजीवांचे नाते यापेक्षा उघडपणे कुठे दिसावे?

आता त्या लाल पेशींकडे पाहू. त्यांतल्या कित्येकींचे तंतू शेजारच्या पेशीच्या देहाभोवती बारीक वेढे घेतात. हे मिठी मारणे म्हणजे आवरणे: 'थांब', एवढाच त्यांचा निरोप, पण तो अचूक क्षणी पोचतो. या आवरण्यातूनच मेंदूच्या लहरींना ताल मिळतो. हे संयमन ढळले की काय होते, ते ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये दिसते. कोवळ्या वयात तीव्र झटके आणणाऱ्या या आजारात अशाच आवरणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात, हे उंदरांवरच्या अभ्यासातूनच उमगले. या पेशी वेगळ्या ओळखता येणे म्हणजे त्या मुलांच्या दुखण्याच्या मुळाशी जाता येणे.

पण असा काप जिवंत उंदराचा नसतो. मिशीच्या एकेका केसासाठी मेंदूत वेगळी जागा राखणारा, अंधार स्पर्शाने चाचपणारा तो जीव या दर्शनासाठी संपलेला असतो. त्याची संमती कुणी घेतली नव्हती. हे विसरून या लालीला सुंदर म्हणणे मला जमत नाही, आणि हे आठवूनही ती सुंदरच वाटते. दोन्ही भाव जवळ बाळगूनच इथे पाहावे लागते.

सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने अशा मेंदूंची असंख्य चित्रे जगासाठी खुली ठेवली आहेत. एकदा पाहिलेला मेंदू पुन्हा हजारांनी पाहिला, तर तोच प्रश्न विचारण्यासाठी दुसरा जीव घ्यावा लागणार नाही. विषाणूचे आणि समुद्राचे देणे आपल्याला फेडता येणार नाही. उंदराचे मात्र थोडे फेडता येईल: कमीत कमी जीव घेऊन, आणि जे घेतले त्यांच्यातले काहीही न पाहता वाया जाऊ न देता.