मेन्यूकार्ड वाचायला शिकवूया



आपल्या नवी मुंबईत वाशी, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर अशा सगळीकडे आता एका नव्या तऱ्हेची हॉटेलं दिसतात. बसायला साधी-मोकळी, पण जेवण जरा भारी. पदार्थ मात्र ओळखीचेच: खिचडी, खिमा-पाव, टोमॅटोचं सार. सोबत हवा तर वाइनचा ग्लास. या जेवणाला 'कम्फर्ट फूड' म्हणतात, म्हणजे जे खाल्लं की जिवाला बरं वाटतं ते. आपला गरम मऊ भात, वरण, तूप आणि लिंबाची फोड, दुसरं काय!

मध्यंतरी अशा एका ठिकाणी गेले होते. कार्डावर खिचडीचं वर्णन चार ओळींचं आणि किंमत साडेचारशे रुपये. तुम्ही म्हणाल, बाई, यात शिकवण्यासारखं काय? सांगते.

आधी 'रेस्टॉरंट' हा शब्दच बघा. मूळ फ्रेंच, अर्थ 'पुन्हा ताकद देणारं'. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला देतात त्या कढणाला हे नाव होतं. पुढे ते कढण विकणाऱ्या दुकानांना तेच नाव पडलं. म्हणजे तापातून उठलेल्या नातवाला आजी पेज देते ना, रेस्टॉरंटचं मूळ तिथलंच!

हे मी चौथीच्या वर्गात सांगितलं आणि एक उपक्रम दिला: आपल्या डब्याचं मेन्यूकार्ड लिहा. पदार्थ कोणता, कशाचा केला, कोणी केला, किती वेळ लागला. माझ्या वर्गात दारावे-करावे भागातली आगरी-कोळी मुलं आहेत. १९७० साली सिडको आली, त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही गावं. त्यातली एक मुलगी रोज डब्याचं झाकण आडवं धरून जेवायची. तिने लिहिलं, 'तांदळाची भाकरी. सुक्या जवळ्याची चटणी. आजी पहाटे पाचला उठून करते.' वाचून झाल्यावर एकाने विचारलं, "किंमत?" ती म्हणाली, "आजी विकत नाही."

दुसऱ्या दिवशी झाकण अर्धं खाली आलं होतं. अर्धं तर अर्धं, मला तेवढं पुरे होतं.

त्याच तासाला एका मुलाचा प्रश्न आला, "बाई, वाइन म्हणजे द्राक्षांचा ज्यूसच ना? पप्पा तसंच सांगतात." इथे विषय टाळू नका, कारण मूल विचारायचं थांबेल. मी म्हटलं, रसात यीस्ट घालतात, ते साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. त्यामुळे तो ज्यूस राहत नाही, दारू होते. नाशिकची द्राक्षं तुम्हाला माहीत आहेतच. तिथल्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली आली आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो हे खरं. पण महाराष्ट्रात २१ वर्षांखालच्या कुणाला वाइन पिता येत नाही, हेही तितकंच खरं. मुलांना दोन्ही कळतं, नीट सांगितलं तर.

पालकहो, अशा हॉटेलात मुलांना जरूर न्या. त्यात वाईट काही नाही. जागेचं भाडं, वाढणाऱ्यांचा पगार, सजावट हे सगळं त्या साडेचारशेत असतं, तेही त्यांना सांगा. फक्त मेन्यूकार्ड मुलाच्या हातात द्या आणि विचारा, "मोठी नावं काढून टाकली तर ताटात काय उरतं?" खिचडीला ते खिचडी म्हणेल. ग्लासातल्या वाइनला तुम्ही ज्यूस म्हणू नका.

आणि उद्याच्या डब्यात पिठलं-भाकरी असेल तर "आज एवढंच आहे" असं म्हणून देऊ नका. आपण ज्या सुरात नाव घेतो, मूल त्याच सुरात डबा उघडतं.